ओ. हेन्री : कैदी क्रमांक ३०६६४ ते अमेरिकेचा लाडका कथाकार

अमेरिकन लघुकथेचा विषय निघाला की एडगर ॲलन पो आणि नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची नावे अभ्यासक घेतात; सर्वसामान्य वाचक मात्र ओ. हेन्री यांचे नाव घेतो. केस विकून नवऱ्यासाठी घड्याळाची साखळी आणणारी डेला आणि घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणणारा जिम ही जोडी आपल्याकडील असंख्य वाचकांना शाळेच्या बाकावरच भेटलेली असते. शेवटच्या चार ओळींत कथेला अशी कलाटणी द्यायची की वाचकाने चकित होऊन पुन्हा पहिल्या पानाकडे वळावे, ही त्यांची खासियत. या खासियतीचे कौतुक खूप झाले, टवाळीही झाली. परंतु हे तंत्र ज्या माणसाच्या हाती आले त्याच्या स्वतःच्या आयुष्यातही एक गोष्ट अखेरपर्यंत झाकून ठेवलेली होती, आणि ती वाचकांना कळली तेव्हा त्याच्या मृत्यूला सहा वर्षे उलटून गेली होती.

त्यांचे खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म ११ सप्टेंबर १८६२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध तेव्हा ऐन भरात होते. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. विल्यम तीन वर्षांचे असतानाच आईचे क्षयरोगाने निधन झाले आणि आजी व आत्या यांनी त्यांना वाढविले. आत्या लीना खासगी शाळा चालवीत असत. वाचनाची गोडी त्यांनीच लावली. ‘अरेबियन नाइट्स’ हा ग्रंथ या मुलाने वारंवार वाचला आणि त्याची छाया पुढे न्यूयॉर्कवरील कथांत सर्वत्र दिसते. वेश पालटून रात्री बगदादमध्ये हिंडणारा खलिफा त्यांच्या कथांत कधी श्रीमंत गृहस्थाच्या, तर कधी बागेतील बाकावर बसलेल्या निष्कांचन माणसाच्या रूपाने भेटतो.

शालेय शिक्षण संपल्यावर पोर्टर काकांच्या औषधाच्या दुकानात काम करू लागले आणि १८८१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना औषधविक्रेत्याचा परवाना मिळाला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांची व्यंगचित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. औषधाच्या पुड्या बांधण्याच्या या कौशल्याने पुढे तुरुंगात त्यांना तारले, हे येथे नमूद करून ठेवले पाहिजे.

खोकला बळावत होता आणि आईच्या आजाराची आठवण घरात ताजी होती. कोरड्या हवेचा उपयोग होईल या आशेने १८८२ मध्ये ते टेक्सास राज्यात गेले. तेथे एका परिचित कुटुंबाच्या मेंढपाळी कुरणावर त्यांनी दोन वर्षे काढली. मेंढ्या राखणे, स्वयंपाक, मुले सांभाळणे अशी पडेल ती कामे करता करता त्यांनी तेथील मजुरांकडून स्पॅनिश भाषा शिकून घेतली. १८८४ मध्ये ते राज्याच्या राजधानीत, ऑस्टिन येथे आले. गिटार आणि मँडोलिन वाजविणारा, चर्चच्या गायनवृंदात गाणारा, हजरजबाबी तरुण म्हणून ते लवकरच लोकप्रिय झाले.

याच काळात ॲथॉल एस्टेस या तरुणीशी त्यांचा परिचय झाला. तिलाही क्षयाची बाधा होती आणि त्या कारणाने तिच्या आईचा विवाहाला विरोध होता. १ जुलै १८८७ रोजी दोघांनी घरच्यांना न कळविता एका धर्मोपदेशकाच्या घरी विवाह केला. लिहिण्यास प्रोत्साहन देणारी पहिली व्यक्ती ॲथॉल होय, असे चरित्रकार मानतात. पोर्टर तेव्हा टेक्सासच्या भूमी कार्यालयात नकाशे काढणारे आरेखक म्हणून दरमहा शंभर डॉलर वेतनावर काम करीत होते. १८८८ मध्ये झालेला मुलगा काही तासच जगला. पुढील वर्षी मार्गारेट ही कन्या जन्मली. पोर्टर यांच्या आयुष्यातील त्यातल्या त्यात स्थिर वर्षे हीच.

राजकीय बदलामुळे १८९१ मध्ये ही नोकरी गेली आणि ते ऑस्टिनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत रोखपाल म्हणून रुजू झाले. वेतन तेवढेच, शंभर डॉलर. त्यांच्या दुर्दैवाचा आरंभ येथे आहे. या बँकेचा कारभार अत्यंत सैल होता. ओळखीच्या माणसांनी नोंद न करता रक्कम उचलावी आणि नंतर सवडीने भरावी, असा शिरस्ता तेथे असल्याचे चरित्रकारांनी लिहिले आहे. हिशेब जुळेना की जबाबदारी साहजिकच रोखपालावर येई. त्यातच पोर्टर यांनी १८९४ मध्ये ‘द रोलिंग स्टोन’ हे विनोदी साप्ताहिक चालवायला घेतले. अंकातील बहुतेक मजकूर आणि चित्रे ते एकटेच करीत. त्याचा खप जास्तीत जास्त दीड हजारांपर्यंत गेला, पण खर्च भागेना. बँकेच्या वह्यांत तूट आढळल्यामुळे त्याच वर्षी नोकरी सुटली आणि १८९५ च्या एप्रिलमध्ये साप्ताहिकही बंद पडले. त्यानंतर ते ह्यूस्टन येथील दैनिकात सदर लिहू लागले. हॉटेलांच्या दिवाणखान्यांत बसून माणसे न्याहाळायची आणि त्यांवर लिहायचे, ही त्यांची कार्यपद्धती येथेच ठरली.

बँकेने प्रकरण मिटविले असले तरी केंद्र सरकारच्या तपासनिसांनी ते सोडले नाही. १८९६ मध्ये अफरातफरीच्या आरोपावरून पोर्टर यांना अटक झाली. सासरच्या मंडळींनी जामीन भरला. जुलैमध्ये खटला उभा राहणार होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी ते ह्यूस्टनहून ऑस्टिनला जाण्यासाठी आगगाडीत बसले, वाटेत गाडी बदलायची होती, आणि त्या स्थानकावर त्यांनी ऑस्टिनच्या गाडीऐवजी उलट दिशेची गाडी धरली. न्यू ऑर्लिन्समार्गे ते मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात पोहोचले. गुन्हेगारांना परत पाठविण्याचा करार त्या देशाशी तेव्हा नव्हता.

ते का पळाले, हा प्रश्न त्यांच्या प्रत्येक चरित्रकाराने उपस्थित केला आहे. निर्दोष असतील तर न्यायालयात उभे राहून सांगता आले असते, असे एक मत. वह्यांतील तूट सिद्ध होणारच होती आणि खऱ्या जबाबदार माणसांची नावे घेणे त्यांना नको होते, असे दुसरे. तिसरी शक्यता अशी की साप्ताहिकाच्या ओढाताणीत त्यांनी खरोखरच काही रक्कम वापरली असावी, परत भरण्याच्या इराद्याने. आपल्याकडच्या पतपेढ्यांच्या बातम्या नित्य वाचणाऱ्यांना ही तिसरी शक्यता फारशी अपरिचित वाटणार नाही. तथापि, पळून गेल्यामुळे न्यायालयाच्या दृष्टीने त्यांची बाजू कायमची लंगडी पडली, याबद्दल दुमत नाही.

होंडुरासमधील ट्रुहियो या बंदराच्या गावी त्यांनी काही महिने काढले. आगगाड्या लुटणारा अल जेनिंग्ज हा फरारी तेथेच त्यांचा मित्र झाला असे जेनिंग्जने पुढे लिहून ठेवले. या वास्तव्यातून ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ हे त्यांचे १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेले पहिले पुस्तक निपजले. अँच्युरिया नावाच्या काल्पनिक देशावरील या पुस्तकात त्यांनी वापरलेला ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दप्रयोग आज जगभरची वृत्तपत्रे वापरतात. फळांच्या व्यापारावर आणि परक्या कंपन्यांच्या मर्जीवर चालणारे दुबळे सरकार, असा त्याचा आशय. बातम्यांचा अनुवाद करणाऱ्यांना हा शब्द अधूनमधून अडवतो. ‘केळीचे प्रजासत्ताक’ म्हटले तर विनोद होतो आणि आशय स्पष्ट करून लिहिले तर त्यातला डंख जातो. सार्वजनिक पैसा घेऊन पळालेला माणूस आणि त्याची ओळख पटविण्यात झालेली चूक हा त्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी असलेला धागा आहे. लेखक तो कोठून घेऊन आला हे तेव्हाच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पत्नी आणि मुलीला तिकडे बोलावून घेण्याचा त्यांचा विचार होता. परंतु ॲथॉलची प्रकृती खालावली होती. आजारी असतानाही तिने हाताने विणलेला लेसचा रुमाल विकून आलेल्या पैशांतून पतीसाठी नाताळच्या भेटवस्तूंची पेटी भरून धाडली आणि ती पेटी बांधत असताना तिच्या अंगात फणफणून ताप होता, असे चरित्रकार नमूद करतात. पुढे डेला आणि जिमची कथा लिहिताना त्यांच्या मनात ही पेटी होती का, ते सिद्ध करता येणार नाही. पण ज्याला ही हकिगत माहीत आहे त्याला ती कथा वाचताना पेटी आठवल्याशिवाय राहत नाही.

पत्नी वाचत नाही हे कळताच पोर्टर १८९७ च्या आरंभी परतले आणि न्यायालयाच्या स्वाधीन झाले. पत्नीजवळ राहता यावे म्हणून खटला पुढे ढकलण्यात आला. २५ जुलै १८९७ रोजी ॲथॉलचे निधन झाले. फेब्रुवारी १८९८ मध्ये खटला चालला. पोर्टर यांनी स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच सांगितले नाही. सासूबाईंना धाडलेल्या पत्रात मात्र त्यांनी आपण निरपराध असल्याचे कळविले होते. ८५४ डॉलर ८ सेंटच्या अफरातफरीबद्दल ते दोषी ठरले आणि त्यांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. २५ मार्च १८९८ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथील तुरुंगात त्यांची नोंद झाली ती ३०६६४ या क्रमांकाने.

औषधविक्रेत्याचा जुना परवाना येथे कामी आला. तुरुंगाच्या रुग्णालयात रात्रपाळीचे औषधनिर्माते म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कोठडीऐवजी रुग्णालयाच्या भागात राहण्याची मुभा मिळाली. रात्री रुग्णांची फेरी झाली की ते लिहीत बसत. या कारावासात असतानाच त्यांच्या चौदा कथा वेगवेगळ्या टोपणनावांनी नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या. पाकिटावर तुरुंगाचा शिक्का दिसू नये म्हणून ते कथा न्यू ऑर्लिन्सच्या एका मित्राकडे धाडीत आणि तो त्या संपादकांकडे रवाना करी. डिसेंबर १८९९ च्या ‘मॅक्लुअर्स मॅगझिन’मध्ये छापून आलेल्या नाताळविषयक कथेखाली ओ. हेन्री हे नाव होते. हे नाव आले कोठून, याच्या अनेक कथा सांगितल्या जातात. कोणी तुरुंगातील एका पहारेकऱ्याचे नाव पुढे करतो, कोणी औषधशास्त्राच्या ग्रंथातील एका फ्रेंच शास्त्रज्ञाचे. स्वतः लेखकाने सांगितलेली हकिगत वेगळीच आहे.

या तुरुंगाने त्यांना कथांचे बीजही पुरविले. जेनिंग्ज हाही पुढे त्याच तुरुंगात आला. त्याने लिहिल्याप्रमाणे, डिक प्राइस नावाचा एक कैदी बोटांची नखे घासून, स्पर्शाने चक्राची गती ओळखून तिजोरी उघडीत असे. अधिकाऱ्यांनी सुटकेचे आश्वासन देऊन त्याच्याकडून एक तिजोरी उघडवून घेतली. सुटका मात्र मिळाली नाही आणि तो तुरुंगातच क्षयाने मरण पावला. ‘अ रिट्रीव्ह्ड रिफॉर्मेशन’ या कथेतील तिजोरीफोड्या जिमी व्हॅलेंटाइन या माणसावरून सुचला असे मानतात. कथेतला जिमी नवे नाव घेऊन लहानशा गावात बुटांचे दुकान काढतो, बँकमालकाच्या मुलीशी त्याचा विवाह ठरतो आणि नेमकी त्याच वेळी एक लहान मुलगी बँकेच्या नव्या तिजोरीत अडकते. तिला सोडवायचे तर जुनी हत्यारे सर्वांसमोर बाहेर काढावी लागणार. आणि त्याच्या मागावर असलेला गुप्तहेर दारातच उभा आहे. जिमी हत्यारे काढतो. गुप्तहेर मात्र त्याला न ओळखल्यासारखे करून निघून जातो. बँक, नवे नाव, मागे लागलेला भूतकाळ आणि एका अधिकाऱ्याने दाखविलेली दया. प्रत्यक्षातल्या डिक प्राइसला जी दया मिळाली नाही ती त्याच्या कल्पित प्रतिरूपाला मिळाली आणि ती दाखविणाऱ्या गुप्तहेराचे आडनाव लेखकाने प्राइस असेच ठेवले. या कथेवर १९१० मध्ये आलेल्या नाटकाने रंगभूमी गाजविली, पण हक्क थोडक्या रकमेत विकून टाकले असल्याने लेखकाच्या पदरात फारसे काही पडले नाही.

चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळून २४ जुलै १९०१ रोजी पोर्टर यांची सुटका झाली. अकरा वर्षांची मार्गारेट तेव्हा आजी-आजोबांबरोबर पिट्सबर्ग येथे राहत होती. वडील कामानिमित्त दूरगावी आहेत, एवढेच तिला सांगण्यात आले होते. तुरुंगातून ते तिला चित्रे काढलेली, गमतीजमतींनी भरलेली पत्रे पाठवीत. त्यांत पत्ता सोडून सर्व काही असे. सुटकेनंतर त्यांनी सिडनी या नावाचे स्पेलिंगही बदललेलेच कायम ठेवले.

१९०२ मध्ये नियतकालिकांच्या संपादकांच्या आमंत्रणावरून ते न्यूयॉर्कला आले. आयुष्याची उरलेली आठ वर्षे आणि साहित्यिक कीर्तीचा जवळजवळ सर्व भाग याच शहराचा आहे. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी ते दर आठवड्याला एक कथा लिहू लागले. एका कथेचे शंभर डॉलर मिळत. न्यूयॉर्कच्या काळात त्यांनी ३८१ कथा लिहिल्या अशी गणना आहे. पुरवणीचा मजकूर मुद्रणालयात जाण्याची वेळ आणि दारात उभा असलेला निरोप्या, अशा घाईत यांतील कित्येक कथा उतरल्या. त्या घाईच्या खुणा कथांत आहेत आणि त्या लपविण्याचे कारण नाही.

त्या काळी न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळातील एका गृहस्थाने या शहरात दखल घेण्याजोगी माणसे फक्त चारशे आहेत, अशा आशयाचे विधान केले होते. ओ. हेन्री यांनी १९०६ मधील आपल्या कथासंग्रहाला ‘द फोर मिलियन’, म्हणजे चाळीस लाख, असे नाव दिले. जनगणनेत जेवढी माणसे मोजली गेली तेवढी सर्व त्यांच्या लेखी दखलपात्र होती. दुकानात उभ्याने काम करणाऱ्या, आठवड्याला सहा डॉलर मिळविणाऱ्या मुली, भाड्याच्या खोल्यांतील टंकलेखिका, बेकार, भुरटे, हमाल, पोलीस शिपाई. अमेरिकन कथेत महानगरातील या वर्गाला इतक्या सातत्याने जागा देणारे लेखक तोवर थोडे होते.

त्यांच्या तंत्राविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण शेवटची कलाटणी म्हणजेच ओ. हेन्री असा समज रूढ झाला आहे. कलाटणी हा परिणाम आहे. खरे कौशल्य आहे ते माहिती कोणत्या क्रमाने द्यायची हे ठरविण्यात. ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा १० डिसेंबर १९०५ च्या अंकात प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदक सारा वेळ डेलाजवळ थांबतो. तिच्याकडचे १ डॉलर ८७ सेंट तो मोजून दाखवितो, आरशासमोर तिच्यासोबत उभा राहतो, केस विकायला तिच्याबरोबर जातो. त्याच दिवशी शहरात दुसरीकडे जिम काय करीत आहे, ते मात्र तो पाहतच नाही. दोन सारख्याच कृती समांतर घडत असतात आणि वाचकाला एकच दिसते. दोघांच्या जवळच्या दोन मौल्यवान वस्तू कोणत्या हे लेखकाने आरंभीच सांगून टाकलेले आहे, म्हणजे उत्तर समोरच आहे. त्यामुळे शेवट आला की फसविले गेल्याची भावना न होता आपल्यालाच कसे सुचले नाही, असे वाटते.

‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’ या १९०६ च्या कथेत तर हे आणखी धिटाईने केले आहे. वीस वर्षांपूर्वी ठरविल्याप्रमाणे बॉब रात्री एका दुकानाच्या दारात मित्राची वाट पाहत उभा आहे. गस्तीचा शिपाई येतो, बोलतो, मित्र आला नाही तर किती वेळ थांबणार असे विचारतो आणि पुढे जातो. हा शिपाईच तो मित्र, आणि काडीच्या उजेडात त्याला बॉबच्या चेहऱ्यात पोलिसांना हवा असलेला गुन्हेगार दिसला आहे. स्वतःच्या हाताने अटक करवेना म्हणून तो साध्या वेशातील सहकाऱ्याला धाडतो. दुसऱ्यांदा वाचताना शिपायाच्या त्या साध्या प्रश्नाचा अर्थ पूर्णपणे पालटतो. मैत्री आणि कर्तव्य यांपैकी कोणते मोठे, हा प्रश्न लेखक विचारीत नाही. चिठ्ठी धरलेला बॉबचा हात थोडा थरथरताना दाखवितो आणि थांबतो. माझ्या मते त्यांच्या सर्व कथांत ही सर्वांत निर्दोष आहे.

प्रसंगातून निर्माण होणारा उपरोध हे त्यांचे दुसरे हत्यार. ‘द कॉप अँड द अँथम’ या कथेतील सोपी हा बेघर माणूस थंडीचे तीन महिने तुरुंगात उबेला जाता यावे म्हणून सहा वेळा गुन्हा करू पाहतो आणि सहाही वेळा त्याला कोणी पकडत नाही. शेवटी चर्चमधून येणारे सूर ऐकून तो सुधारण्याचा निश्चय करतो आणि त्याच क्षणी, काहीही न करता उभा असल्याबद्दल, पकडला जातो. तुरुंग आणि न्याय यांच्यातील नाते किती योगायोगाचे असू शकते हे लिहिणाऱ्याने ते आतून पाहिले होते. या कथेत हसू आहे पण कडवटपणा नाही, आणि हेच नवल वाटते.

‘द लास्ट लीफ’मध्ये न्यूमोनियाने आजारी असलेली जॉन्सी भिंतीवरच्या वेलीची पाने मोजत मरणाची वाट पाहते आणि वृद्ध चित्रकार बेहरमन वादळी रात्री भिंतीवर एक पान रंगवून तिला वाचवितो व स्वतः प्राण गमावतो. विक्रमादित्य मोटवाने यांच्या २०१३ मधील ‘लुटेरा’ या हिंदी चित्रपटाने या पानाला भारतीय रूप दिले. त्याआधी २००४ मध्ये ऋतुपर्णो घोष यांनी ‘रेनकोट’ हा चित्रपट डेला-जिमच्या कथेच्या आधारे केला होता. खोटी श्रीमंती एकमेकांना सांगत बसलेले ते दोन जीव मूळ कथेपेक्षा अधिक उदास आहेत.

त्यांच्या दोषांकडेही दुर्लक्ष करता येत नाही. योगायोगांची रेलचेल असते. निवेदक वाचकाशी गप्पा मारता मारता कथेपेक्षा स्वतःच्या चतुराईत अधिक रमतो. अवजड अलंकारिक शब्द क्षुल्लक प्रसंगाला वापरून हसविण्याची त्यांची लकब दहा कथांनंतर कंटाळवाणी होते. शाब्दिक कोट्यांचे तर काही विचारूच नये. भाषांतरकाराला दर पानावर एखादी कोटी सोडून द्यावी लागते आणि त्याची भरपाई करायला जागा सापडत नाही. १९२० नंतर शेरवुड अँडरसन आदी लेखकांनी रचलेल्या कथानकाची ही परंपराच नाकारली आणि जीवनात असे गाठ मारलेले शेवट नसतात, असा आक्षेप घेतला. मराठीतही ना. सी. फडके यांच्या काळातील तंत्रप्रधान कथेवर नवकथाकारांनी अशाच स्वरूपाचा आक्षेप घेतला होता, हे जाणकारांना आठवेल. गंमत अशी की स्वदेशात ओ. हेन्री यांचे स्थान घसरत असताना सोव्हिएत रशियात त्यांचे वाचक वाढत होते. तेथील समीक्षक बोरिस आयखेनबाम यांनी १९२५ मध्ये त्यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला आणि हा लेखक लघुकथेच्या ठरावीक साच्याची जाणूनबुजून थट्टा करतो, असे दाखवून दिले. कथेचा शेवट गोड करायचा की नाही याविषयी कथेतच वाचकाशी वाद घालणाऱ्या निवेदकाकडे पाहिले तर हे मत पटू लागते.

कीर्ती आणि पैसा दोन्ही मिळत असताना पोर्टर मात्र माणसांपासून दूर राहत. छायाचित्र काढू देत नसत, मुलाखती टाळीत, पूर्वायुष्याविषयी विचारले की विषय बदलीत. उपाहारगृहात बसताना येणारी-जाणारी माणसे दिसतील अशी जागा ते निवडीत. ओहायोतील एखादा जुना सोबती समोर येईल ही भीती त्यांना सदैव होती, असे मित्रांच्या आठवणींवरून दिसते. मिळालेला पैसा मद्यात, उसनवारीत आणि वाटेत भेटलेल्या गरजवंतांना देण्यात संपे. संपादकांकडून आगाऊ रक्कम घेऊन कथा न देण्याचे प्रकारही झाले. १९०७ मध्ये बालमैत्रीण सारा कोलमन यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला, परंतु तोही टिकला नाही. १९०९ मध्ये दोघे विभक्त झाले. यकृत आणि हृदय दोन्ही खराब झाले होते, मधुमेहही होता. ५ जून १९१० रोजी न्यूयॉर्कच्या रुग्णालयात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. दाखल होताना खिशात तेवीस सेंट होते असे सांगतात. अंत्यसंस्काराच्या वेळी त्याच चर्चमध्ये एक विवाह समारंभही ठरला होता आणि वऱ्हाडी मंडळींना थोडा वेळ बाहेर थांबावे लागले, अशीही हकिगत प्रसिद्ध आहे.

१९१६ मध्ये बालपणीचे मित्र आणि साहित्याचे प्राध्यापक सी. अल्फान्सो स्मिथ यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. लाडका कथाकार शिक्षा भोगलेला कैदी होता हे वाचकांना त्यातून समजले. वाचकांनी पाठ फिरविली नाही. १९१९ पासून अमेरिकेतील उत्तम लघुकथांना त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जाऊ लागले, आणि ज्या केंद्र सरकारने त्यांच्यावर खटला भरला होता त्याच सरकारच्या टपाल खात्याने २०१२ मध्ये, जन्माला दीडशे वर्षे झाल्यानिमित्त, त्यांचे तिकीट काढले. त्यांना माफी मात्र कधी मिळाली नाही. त्या ८५४ डॉलरचे नेमके काय झाले, ते पोर्टर यांनी कोणत्याही कथेत लिहिले नाही. मार्गारेट हिने काही काळ कथालेखन केले. १९२७ मध्ये क्षयानेच तिचा अंत झाला.

नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे रिव्हरसाइड दफनभूमीत त्यांची समाधी आहे आणि मुलगीही तेथेच शेजारी आहे. दगडावर टोपणनाव नाही. विल्यम सिडनी पोर्टर हे नाव आणि १८६२ व १९१० ही दोन वर्षे एवढेच कोरलेले आहे. भेट देणारे वाचक त्या दगडावर नाणी ठेवून जातात. अनेक जण ती आधी मोजून आणतात, १ डॉलर ८७ सेंट.